नव्वद प्रश्नांचं जीवशास्त्र

शंकेखोर : सर, आपल्या मावळ तालुक्यात कुठेही जा, वडगावात विचारा, कामशेतला विचारा, नाहीतर लोणावळ्यात. अकरावी सायन्सच्या मुलानं ‘पीसीबी’ म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं : नीट. त्या परीक्षेचे गुण 720, त्यातले 360 एकट्या जीवशास्त्राचे. एकूण प्रश्न 180, मिनिटंही 180, आणि बायोचे प्रश्न 90. फिजिक्सची गणितं वेळ खातात म्हणून क्लासमध्ये शिकवतात, बायो पाऊण तासात उरका. म्हणजे एका प्रश्नाला अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात कुणी विचार करत नाही. वाचलेली ओळ ओळखायची आणि गोल काळा करायचा. 2024 मध्ये 23 लाखांहून जास्त मुलांनी ही परीक्षा दिली, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात एक लाखाच्या थोड्या वर. एवढ्यांतून निवडायचं तर चाळणी लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चाळणीलाच विषय का म्हणता? तुम्ही वर्गात ‘सजीवांचा अभ्यास’ असं म्हणता तेव्हा मला खरंच हसू येतं. मुलं एनसीईआरटीच्या वाक्यांचा अभ्यास करतात. ते वाक्य दुसऱ्या शब्दांत लिहिलं तर गोंधळतात, आणि गोंधळणं त्यांच्या दृष्टीनं शहाणपणाचंच आहे, कारण चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो.

विषयवेडा : ताई, परीक्षेबद्दल जे म्हणालात त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की परीक्षा विषयाला वापरते, पण ती विषय घडवत नाही. उदाहरण देतो. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात पहिल्या धड्यात एक झुडूप होतं, नीलकुरिंजी. बारा वर्षांनी एकदा फुलतं. पाठ करायला सोपं, प्रश्न विचारायलाही सोपा. लोणावळ्यातल्या मुलानं ‘केरळ, कर्नाटक, तमिळनाडू, बारा वर्षं’ असं घोकलं. त्याच प्रजातीगटातली, म्हणजे स्ट्रोबिलँथसचीच, आपली कारवी राजमाची गडाच्या वाटेवर दुतर्फा उभी असते. ती सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि सबंध पिढी एकत्र मरते. असं का व्हावं? दरवर्षी थोडं थोडं फुलण्यात काय तोटा होता? सगळ्यांनी मिळून एकाच वर्षी बी टाकलं की खाणाऱ्यांचं पोट भरूनही बी उरतं, असं एक स्पष्टीकरण आहे. पण मग वर्षं मोजतं कोण? झाडाच्या आत कुठे? हे प्रश्न बारावीच्या मुलाच्या आवाक्यातले आहेत. फादर सांतापाव स्पेनहून आलेले जेझुइट, मुंबईच्या झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे. वर्षानुवर्षं खंडाळ्याचे डोंगर पायी हिंडून त्यांनी 1953 मध्ये ‘फ्लोरा ऑफ खंडाला’ प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. एका गावाच्या परिसरावर अख्खा ग्रंथ! ज्या डोंगरावर असा ग्रंथ उभा राहतो, त्याच्या पायथ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र फक्त गोल काळे करण्यापुरतं उरावं, हे मला पटत नाही.

शंकेखोर : तुमच्या बोलण्यातच उत्तर आहे. सांतापाव बाहेरून आले. त्यांच्यानंतर मुंबई-पुण्याच्या कॉलेजांच्या सहलीही बाहेरूनच आल्या. जुलैत भिंतींवर फ्युनारिया उगवला, दगडांच्या फटींत नेचे फुटले की बसेस येतात, मुलं छत्र्या घेऊन नमुने गोळा करतात आणि संध्याकाळी चिक्की घेऊन परत जातात. कारवी आपल्या मुलांना कुणी दाखवायला नको. तिच्या कुडाला शेण सारवलेल्या घरात कित्येकांची आजी जन्मली. त्यांची अडचण दुसरीच आहे. दहावीपर्यंत मुलगी मराठीत ‘परागीभवन’, ‘पेशीविभाजन’, ‘उत्सर्जन’ शिकते, जूनमध्ये अकरावी सायन्सला बसते आणि सगळं पुस्तक इंग्रजीत. हुशार असून ती पहिले चार महिने गप्प असते. नीटचा पेपर मराठीत मिळतो हे खरं, पण क्लास, टेस्ट सिरीज, नोट्स सगळं इंग्रजीत. मग मराठी पेपर घ्यायचा धीर कुणाला होतो? नाणे मावळातल्या एखाद्या वाडीतून निघायचं, मिळेल त्या गाडीनं कामशेत गाठायचं, तिथून लोकल धरायची, पुन्हा संध्याकाळी तेच. तिच्याकडे जो तास उरतो त्यात तुम्ही तिला राजमाचीला नेणार? रानात रमणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे, सर.

(हे शेवटचं वाक्य लेखकाला मान्य नाही. पण बोलणारीनं ते उगाच म्हटलेलं नाही, म्हणून ठेवलं आहे.)

विषयवेडा : भाषेचं तुम्ही म्हणता ते मान्य. त्यावर माझ्याकडे वर्गात दोन्ही शब्द फळ्यावर लिहिण्यापलीकडे उपाय नाही, आणि तो अपुरा आहे. पण तासाचा हिशेब मला वेगळा दिसतो. समजलेलं पाठ करायला कमी वेळ लागतो. खनिज पोषणाचा धडा घ्या. नायट्रोजन स्थिरीकरण, नायट्रीकरण, विनायट्रीकरण, जिवाणूंची लांबलचक नावं. मुलं रडकुंडीला येतात. आता त्याच मुलीला खाचरात उभी करा. पाणी साठलेल्या चिखलात हवा नाही. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन हवेत निघून जातो. वरून फेकलेल्या युरियातलाही बराचसा नायट्रोजन वाया जातो. म्हणून चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधे चिखलात खोल दाबतात, आणि गिरिपुष्पाचा पाला गाडतात, कारण ते शेंगावर्गी झाड आहे. तिचे वडील हे करत असतील किंवा ‘कशाला हवी नसती कटकट’ म्हणून करत नसतील. दोन्हीकडून धडा कळतो. राब भाजताना तणाचं बी मरतं आणि राखेतून पालाश मिळतं, हेही त्याच धड्यात बसतं. शिवाय तिच्या ताटातला इंद्रायणी तांदूळ. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून तो इथल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि 1987 मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला. एकाचा वास, दुसऱ्याचं उत्पन्न. मेंडेलच्या वाटाण्यासाठी ब्रनोच्या मठापर्यंत जायची गरज नाही. लोणावळ्याच्या कृषी संशोधन केंद्रात तर भाताचे वाण करपा रोगापुढे उभे करून पारखतात, कारण तिथल्या दमट हवेत करपा हमखास येतो. ‘अन्ननिर्मिती वाढवणे’ हा बारावीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकातला अख्खा धडा तालुक्याच्या दोन टोकांना चालू आहे.

शंकेखोर : आणि तो धडा नीटच्या अभ्यासक्रमातून गेला, हे सांगायचं राहिलं. एनसीईआरटीनं पुस्तक हलकं केलं तेव्हा अन्ननिर्मितीचा धडा गेला, पर्यावरणाच्या प्रश्नांचा गेला, तुमची नीलकुरिंजी ज्या धड्यात होती तोही गेला. 2024 पासून नीटलाही ते नाहीत. राज्य मंडळाच्या पुस्तकात आहेत, पण ते पुस्तक उघडतो कोण? इंटिग्रेटेडवाली मुलं कॉलेजात नावापुरती असतात. बोर्डाचा पेपर 70 गुणांचा, प्रात्यक्षिकाचे 30. ते 30 कसे मिळतात हे तुम्हीही जाणता. जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतं, आकृत्या ताई नाहीतर दादा काढून देतो, तोंडी परीक्षेत नाव-गाव विचारून मुलं सुटतात. थोडक्यात, मावळाबद्दल जे काही पुस्तकात होतं तेवढंच नेमकं परीक्षेतून बाहेर पडलं.

आणखी एक बोलते, रागावू नका. तुम्ही शेतकऱ्याच्या मुलीला सांगता की तुझं खाचर ही प्रयोगशाळा आहे. तिला त्या खाचरातून बाहेर पडायचंय. आवणीला कंबर मोडेस्तोवर वाकलेली आई तिनं बघितली आहे. शेजारच्या जमिनी बंगल्यांना गेल्याचंही बघितलंय. तिला पांढरा कोट हवा, तो नाही तर निदान नर्सिंग. तिच्यापुढे चिखलाचं कौतुक करताना आपण तिला कुठे परत पाठवतोय, याचा विचार व्हायला हवा. तुमच्यासारखा विषयावर जीव लावून ती बीएस्सी झाली, मग पुढे काय?

विषयवेडा : पुढे काय, याची उत्तरं अगदीच नाहीत असं नाही. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कातल्या पॉलिहाऊसमधून 14 फेब्रुवारीसाठी गुलाब परदेशी जातो. तिथे पानावरची भुरी ओळखणारा आणि खताच्या पाण्याचा सामू सांभाळणारा माणूस लागतो. कृषी, फार्मसी हेही मार्ग आहेत, त्यासाठी सीईटीचा पीसीबी गट आहे. लॅब टेक्निशियन हाही एक मार्ग आहे. पण नोकऱ्यांची यादी वाचून तुमचं समाधान होणार नाही आणि माझंही नाही. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. ती लोणावळ्याचीच आहे.

वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं 1970च्या दशकात महाशीर माशाची पैदास सुरू केली. हा दख्खनचा महाशीर, टॉर खुद्री. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून 1839 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. धरणांनी आणि मासेमारीनं तो घटत चालला होता. मादीतून अंडी काढायची, नराच्या शुक्राशी मेळ घालायचा, पिल्लं वाढवायची आणि तलावा-नद्यांत सोडायची. लाखो बोटुकली इथून देशभर गेली. आज या माशाचं नाव आंतरराष्ट्रीय धोक्याच्या यादीत नाही. कुणाही पाठ्यपुस्तकाला अभिमान वाटावा असं संवर्धन. आता पुढचं ऐका. त्यातली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. बाहेरून आलेल्या आपल्या माशानं तिथे झपाट्यानं जम बसवला आणि तो कुबडवाला मागे पडला. 2018 मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणं आहेत, पण हा पाहुणाही त्यांतलं एक कारण आहे, असं नदीवर काम करणाऱ्या संशोधकांनी लिहिलंय.

म्हणजे एकच मासा, एकच पद्धत. इंद्रायणीच्या खोऱ्यात ती औषध ठरली, कावेरीत अपाय. कुणाचा हेतू वाईट नव्हता. बारावीच्या ‘जीव आणि समष्टी’ या धड्यात स्पर्धेचा सिद्धांत आहे, जैवविविधतेच्या धड्यात परक्या जातींचा धोका आहे, स्थळबाह्य संवर्धनही आहे. हे तिन्ही मुद्दे वेगवेगळे पाठ केलेल्या मुलाला ही गोष्ट सांगितली की तो थांबतो. मी हे पाहिलंय. भौतिकशास्त्रात त्या वयात जे शिकवतात त्याचं उत्तर मावळात एक आणि म्हैसुरात दुसरं असं नसतं. इथे असतं. जीवशास्त्र शिकायचं ते यासाठी.

शंकेखोर : गोष्ट चांगली आहे. मला माहीत नव्हती. पण आता तिचा प्रश्न करून दाखवा. ‘महाशीराची कृत्रिम पैदास करून नदीत सोडणे योग्य आहे का? अ, ब, क, ड.’ काय उत्तर ठेवाल? ‘कुठली नदी त्यावर अवलंबून’ असा पर्याय 23 लाख मुलांना देता येत नाही. एवढ्या मुलांना एकाच दिवशी न्याय द्यायचा तर उत्तर एकच हवं, आणि ते छापील हवं. तुम्हाला ते विषयाचा अपमान वाटतं. मला त्यात गरीब मुलाचं संरक्षण दिसतं. समजा उद्या परीक्षा तोंडी झाली, प्रकल्पांवर झाली, ‘तुझं मत सांग’ अशी झाली. कोण चमकेल? ज्याच्या घरी डायनिंग टेबलावर डेव्हिड अ‍ॅटनबरो चालू असतो तो. नाणे मावळातल्या मुलीजवळ पुस्तक आहे आणि पहाटे उठायची तयारी आहे. पाठांतर ही एकच स्पर्धा आहे जिच्यात ती बरोबरीनं धावू शकते. तुम्ही तीही काढून घेऊ पाहता.

विषयवेडा : बरोबरीनं धावते असं वाटतं खरं. तमिळनाडू सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. 2021 मध्ये तिनं अहवाल दिला, की नीट आल्यापासून ग्रामीण आणि तमिळ माध्यमाच्या मुलांचा वैद्यकीय प्रवेशातला वाटा घटला. छापील उत्तर सगळ्यांना सारखं, पण ते अर्ध्या मिनिटात ओळखण्याचा सराव विकत मिळतो. दोन-दोन वर्षं ड्रॉप घेण्याची ऐपत विकत मिळते. तुमची पहाटे उठणारी मुलगी लातूरच्या नाहीतर कोट्याच्या वसतिगृहात राहणाऱ्याशी धावतेय. पाठांतराला मी शत्रू मानत नाही. नावं पाठ हवीतच. नाव माहीत नसलं तर दोन गवतं वेगळी दिसतसुद्धा नाहीत. सांतापावांनी हजारो नावं डोक्यात ठेवली म्हणून तर त्यांना कारवी वेगळी दिसली. पण पाठांतरानं न्याय होतो, हे मात्र मान्य करायला मी तयार नाही.

शंकेखोर : बरं, ते आकडे तमिळनाडूचे, तरी मान्य करते. तेव्हा परीक्षा तशीही न्याय देत नाही आणि तुमच्या पद्धतीनंही देईलच असं नाही. मग आपण भांडतोय कशावर? तुम्ही नीट बदलू शकत नाही, पुस्तक बदलू शकत नाही, माध्यम बदलू शकत नाही. तुमच्या हातात नेमकं काय आहे ते सांगा. राजमाचीचे काजवे सांगू नका. जूनच्या तोंडाला तिथे गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्या एवढ्या असतात की नराची लुकलुक मादीला दिसायची पंचाईत.

विषयवेडा : माझ्या हातात ते 30 गुण आहेत. तुम्ही मघाशी ज्यांची थट्टा केलीत तेच. नीटची गुणवत्ता यादी बोर्डाच्या गुणांवर ठरत नाही. खुल्या गटाला पीसीबीत 50 टक्के, राखीव गटांना 40 टक्के पडले की काम झालं. म्हणून सगळे म्हणतात प्रात्यक्षिकाला अर्थ उरला नाही. मला ते उलटं वाटतं. ज्या गुणांसाठी कुणी जिवावर उदार होत नाही, तिथेच थोडं मोकळं शिकवता येतं. पाठ्यक्रम मोडायला नको. श्वसनाच्या धड्यात आहे, की शांत श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा आत येते. लोणावळ्यात 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केलं. नौली करताना पोटात नक्की काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकानं तपासलं. मोठ्या आतड्यातला दाब हवेपेक्षा खाली जातो हे मोजून दाखवलं. लोक श्रद्धेनं सांगत होते ते त्यांनी मोजायला घेतलं. मुलांना नौली करायला कोण सांगतंय? फुग्यात श्वास भरून तो पाण्याखाली धरला आणि किती पाणी सरकलं ते मोजलं तरी पुरे. गडावर पाणी वाहणाऱ्या मुलाचा आकडा आणि दिवसभर क्लासमध्ये बसणाऱ्याचा आकडा शेजारी शेजारी जर्नलात आला, आणि दोघांपैकी कुणाचाही पुस्तकाशी जुळला नाही, तर का जुळला नाही हे त्यांना लिहावं लागेल. प्रत्येक धड्यामागे असा एक प्रश्न, ज्याचं उत्तर गाइडमध्ये नाही. मला एवढंच हवंय.

शंकेखोर : आता तुम्ही पहिल्यांदा धरता येईल असं काही बोललात. पण तुमच्या हिशेबातली खोट ऐका. नीटवाल्यांना ते 30 गुण बिनमोलाचे, हे बरोबर. म्हणून ते तुमच्या फुग्याच्या प्रयोगाला येणारच नाहीत. येतील ते उरलेले, ज्यांना बीएस्सीला बोर्डाच्या टक्क्यांवर प्रवेश हवाय. त्यांना ते 30 गुण सोन्याच्या भावाचे. शेजारचं कॉलेज सरसकट 29-30 देणार, तुम्ही खरं तपासून 22 देणार. प्रामाणिक प्रयोगाची किंमत वर्गातली सर्वांत कमी ऐपतीची मुलं मोजणार. ते कसं टाळाल?

विषयवेडा : गुण कापायचे नाहीत. आकडा पुस्तकाशी जुळला नाही म्हणून कापायचे नाहीत, उलट जुळवून आणला तर विचारायचं, कसा जुळवला? बाकी तुमचं खरं आहे. एका कॉलेजानं केलं तर ते एकटं पडतं. तालुक्यातल्या पाच-सहा कॉलेजांनी एकत्र ठरवलं तर काही होईल. ठरवतील का, माहीत नाही. बाहेरून येणारा परीक्षक मान्य करील का, तेही माहीत नाही.

शंकेखोर : मग तिथेच या. विषय सुंदर आहे, हे मला आता पटवायला नको. तुमच्या वर्गात साठ मुलं बसतात, एमबीबीएसला जातात दोन, फार तर तीन. दोन वर्षं सबंध वर्ग त्या दोघा-तिघांच्या परीक्षेचा अभ्यास करतो. उरलेल्या सत्तावन्न जणांना आपण जीवशास्त्र शिकवतो की त्यांची फक्त हजेरी घेतो, हा निर्णय ना दिल्लीत व्हायचाय ना मंडळाच्या कचेरीत. तो विषयशिक्षकांच्या बैठकीत होऊ शकतो. प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीअखेर सुरू होतात, बैठक दिवाळीआधी घ्या. मी येईन, आणि हेच सगळे आक्षेप पुन्हा घेईन.